छोट्या शिडाच्या बोटीला टेंडर कुठलं? कयाक, टणक डिंगी आणि हवेची डिंगी वापरून बघितल्यावर

आमची कॉरिबी ही छोटी शिडाची बोट जेमतेम सव्वासहा मीटर लांब. एलन मॅकआर्थर १९९५ साली, अठरा वर्षांची असताना, अशाच कॉरिबीतून एकटी ब्रिटनभोवती फिरून आली. आम्ही बहुतेक वेळा ब्राउनसी बेटापर्यंत जातो, डबा खातो आणि परत येतो. बोट असते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पूल हार्बरमध्ये, पाण्यातल्या मूरिंगवर, म्हणजे तळाशी जखडलेल्या तरंगत्या खुणेला बांधलेली. मरिनात धक्क्याला बांधायची म्हटलं तर वर्षाचं भाडं आमच्या जुन्या बोटीच्या किमतीच्या वर जातं. मूरिंग स्वस्त, पण तिथपर्यंत पोचायला आणखी एक होडकं लागतं. तेच टेंडर.

टेंडरबद्दल विचारलं की लोक ते वल्हवायला कसं आहे ते सांगत बसतात. माझ्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. स्लिपवेपासून, म्हणजे होड्या पाण्यात सोडायच्या उतारापासून, बोटीपर्यंतचं अंतर कशानेही कापलं जातं. खरी परीक्षा शेवटच्या हातभर अंतरात होते: हलत्या टेंडरमधून हलत्या बोटीवर चढताना, एका हातात पिशवी असताना, आणि खाली पाणी एप्रिलमध्येही दहा अंशांच्या आसपास असताना. म्हणून मी प्रत्येक टेंडरला पहिला प्रश्न तोच विचारला.

सुरुवात कयाकने. शेजाऱ्यांची सिट-ऑन-टॉप, म्हणजे वर बसायची, जाड प्लास्टिकची एकेरी कयाक एक मोसम आमच्याकडे होती. एकटीने जायचं असेल तर तिच्यासारखं सुख नाही. समोरून वारा आला तरी सरळ चालते, स्लिपवेवर मी एकटी ओढून नेऊ शकते, बोटीमागे बांधली तर वेग फारसा मारत नाही, आणि नको तेव्हा कठड्याला आडवी बांधून ठेवता येते. पूलमध्ये तिचा आणखी एक फायदा आहे. इथे भरती एकदा येऊन थांबते, जराशी उतरते आणि पुन्हा चढते, त्यामुळे पाणी बराच वेळ भरलेलं राहतं. पण ओहोटी लागली की भराभर पळतं आणि मागे गुडघाभर चिखल उरतो. त्या चिखलावरून कयाक घसरत येते. बाकी कुठलंही टेंडर तिथे रुततं.

पण बसायची जागा कायम ओली. कयाकला तळातून आरपार भोकं असतात. वरचं पाणी त्यातून जातं आणि वजन वाढलं की खालचं वर येतं. ऑगस्टमध्ये ठीक आहे, ऑक्टोबरमध्ये ओल्या पँटने दिवसभर शिडं ओढायची हौस मला नाही. सामानाचंही तेच. पाण्याचा कॅन, गॅसची टाकी, स्वयंपाकाची पिशवी, धुऊन आणलेलं शीड, हे सगळं बांधायचं कुठे? आणि बोट चिखलात बसली, जे पूलमध्ये सगळ्यांचंच होतं, तर दुसरा नांगर टेंडरमध्ये घालून खोल पाण्यात नेऊन टाकावा लागतो. साखळीसकट नांगर मांडीवर घेऊन कयाक वल्हवणं हा सरळसरळ बुडायचा धंदा आहे.

चढण्याच्या परीक्षेत कयाक काठावर पास. युक्ती अशी की आधी नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, दोरी बोटीला बांधायची, मग मागची दोरी, आणि मगच हलायचं. एकच दोरी बांधली तर पाय उचलताक्षणी कयाक पायाखालून निघून जाते. बोटीच्या काठावरून पट्ट्याची एक पायरी लोंबकळत ठेवली की काम निम्म्याने सोपं होतं. मला जमतं. नवऱ्याला जमतं, पण त्याचा चेहरा बघवत नाही. आणि दोघांनी एकदम जायचं तर एकाने दुसरी फेरी मारायची किंवा दुहेरी कयाक घ्यायची, जी मग स्लिपवेवर एकटीला ओढवत नाही.

टणक डिंगीबद्दल, म्हणजे न फुगवायच्या छोट्या होडीबद्दल, थोडक्यात, कारण आमच्या आकाराच्या बोटीला ती बसतच नाही. ओळखीच्यांची वॉकर बे ८ बरेचदा वापरली. अडीच मीटर लांब, बत्तीसेक किलोची, मागे तळालाच चाक बसवलेलं, त्यामुळे काँक्रीटवरून ढकलत नेता येते. वल्हवायला हीच सर्वांत गोड. दोन ओढी मारल्या की धावत सुटते. हवं तर कडेने फुगवायची नळी वेगळी मिळते आणि ती लावली की स्थैर्य वाढतं. माझं मत: टणक छोटी डिंगी घ्यायची तर ही नळी लावूनच घ्या. नळीशिवाय कुठल्याही आठ फुटी डिंगीच्या काठावर पाय ठेवला की ती कलणारच, पाय मधोमधच पडला पाहिजे. पण कॉरिबीच्या डेकवर ती ठेवली तर पुढे जाऊन नांगर टाकायला जागा राहत नाही, आणि मागे ओढत न्यायची तर आमच्या सावकाश बोटीचा वेग जाणवण्याइतका पडतो. तीस फुटांच्या पुढची बोट असेल तर जरूर विचार करा.

आता हवेची. पहिली नवीन घेतली होती, पीव्हीसीची, कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. काही मोसमांत उन्हाने शिवणीचा गोंद सुटायला लागला. त्यानंतर दीडशे पौंडांत जुनी एव्हन रेडक्रेस्ट मिळाली. एव्हन ही वेल्समधल्या लानेल्लीची कंपनी, आणि तिच्या जुन्या डिंग्या हायपालॉन या कृत्रिम रबराचा थर दिलेल्या कापडाच्या. ड्यूपाँ कंपनीने २०१० मध्ये हायपालॉन बनवणं बंद केलं, पण अशा कापडाच्या जुन्या डिंग्या अजून इथल्या प्रत्येक स्लिपवेवर दिसतात. ऊन, डिझेल, शिंपले, सगळं सोसतं. जुनी घेताना घट्ट फुगवून रात्रभर ठेवा आणि सकाळी अंगठ्याने दाबून बघा. ठिगळ लावायचं असेल तर हायपालॉनचा दोन भागांचा गोंद वेगळा मिळतो. पीव्हीसीचा चालत नाही.

रेडक्रेस्टला कडक तळ नाही. पाय ठेवला की जमीन भिजवलेल्या गादीसारखी खाली जाते. मागे फळी नाही, मोटर लावायची तर वेगळा सांगाडा लागतो. आम्ही लावत नाही. आणि कुठल्याही हवेच्या डिंगीसारखी ही वाऱ्याविरुद्ध रडते. दोन वल्ही मारा, एक वल्हं मागे जा.

तरीही आमचं टेंडर हेच, कारण माझी आई. मालवणहून दर उन्हाळ्यात येते, सत्तरी ओलांडलेली, साडीत. लहानपणी उलांडीच्या होडीतून फिरलेली आहे, त्यामुळे पाण्याची भीती नाही. भीती फक्त डुगडुगण्याची. कयाक नुसती बघून म्हणाली, "ह्यां इतक्यां हलता कित्याक गो?" आणि किनाऱ्यावर बसून राहिली. रेडक्रेस्टमध्ये मात्र ती त्या जाड नळीवरच टेकते, दोन्ही हातांनी बोटीचा कठडा धरते आणि आधी बूड मग पाय अशी वर सरकते. नळीवर सगळं वजन आलं तरी डिंगी उलटत नाही. शिवाय टेंडर बोटीवर आदळलं तरी रंगाला ओरखडा नाही. निम्मी हवा सोडली की पुढच्या डेकवर मावते, पूर्ण सोडली की गुंडाळी होते.

हवेची कयाक हा मधला मार्ग बरेच जण सुचवतात. डिकॅथलॉनच्या अशा कयाक भारतातही मिळतात, त्यामुळे मुंबईकरांना हा पर्याय चटकन सुचेल. रुंद असल्याने प्लास्टिकच्या कयाकपेक्षा स्थिर, आणि गुंडाळून बोटीत ठेवता येते. पण बसणं तितकंच खाली, म्हणजे चढायला उंची तेवढीच, आणि वाळवल्याशिवाय गुंडाळली तर बुरशी. मुंबईच्या बंदरात उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं आणि लाँचच्या लाटा थांबत नाहीत. तिथे मी कयाकच्या वाटेला न जाता जाड नळीची डिंगीच घेईन, आणि ती उन्हात झाकून ठेवीन.

टेंडरवर इथे टी/टी (‘टेंडर टू’, अमुक बोटीचं टेंडर) लिहून पुढे बोटीचं नाव लिहायची पद्धत आहे. चोराला मात्र त्यावरून कळतं की मालक समुद्रावर आहे, म्हणून आम्ही बोटीच्या नावाऐवजी पिन कोड रंगवला आहे. साखळी-कुलूप हवंच. लाइफजॅकेट टेंडरमध्येही घालायचं; आरएनएलआय या समुद्रातल्या बचावकार्याच्या संस्थेचं मुख्यालय पूललाच आहे आणि ते हेच सांगतात.

घ्यायचीच असेल तर: एकट्याने, उन्हाळ्यात, हलकं सामान, तर प्लास्टिकची कयाक. घरचे, पाहुणे, गॅसची टाकी, तर जुनी हायपालॉनची डिंगी. फक्त तिच्यासोबत मिळणारी वल्ही बहुतेकदा आखूड असतात. त्यांच्यापेक्षा पाऊण हाताने लांब जोडी वेगळी विकत घ्या, मोसम सुरू व्हायच्या आधी.