सर्व्हिसिंग म्हणून पेट्रोलची आंघोळ: एका एचएमटी जनताचे ४,६५० रुपये

घड्याळ दुकानात दिलं तेव्हा चालू होतं, हे आधी सांगतो. दिवसाला चार मिनिटं मागे पडायचं आणि पूर्ण चावी देऊनही वीस तासांत थांबायचं. कमान (चावी दिल्यावर ताकद साठवणारी स्प्रिंग) थकलेली, तेल वाळलेलं. हे निदान दुकानदाराने केलं नाही, मीच त्याला सांगितलं. यातलं अजिबात कळत नसतं तर एवढी लाज वाटली नसती.

हाताने चावी द्यायची जनता, ०२३१ मशीन (आतली यंत्रणा), १७ ज्वेल (घर्षण कमी करणारे खडे), डायलवर देवनागरीत ‘जनता’. पुण्यातल्या पेठेतलं जुनं दुकान, काचेमागे पाच-पन्नास एचएमटी टांगलेल्या. दीड हजार आगाऊ दिले. शेवटी बिल असं झालं: सर्व्हिसिंग १,८००, नवी कमान ६५०, बॅलन्स स्टाफ (झोके घेणाऱ्या बॅलन्स चाकाचा आस) ९००, काच ३००, चावी (बाजूची गुंडी) ३५०, ‘डायल साफ’ ६५०. एकूण ४,६५०. तेवढ्यात दुसरी चालू जनता येते, माहीत आहे. मला दुसरी नको होती. शिवाय एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झाला, तेव्हा कंपनीकडे जा असा सल्ला देणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

घड्याळ चौथ्या दिवशी परत आलं. इथेच थांबायला हवं होतं. मशीन पूर्ण सुटं करायचं, धुवायचं, तेल घालून जोडायचं आणि मग तीन-चार दिवस वेगवेगळ्या स्थितींत ठेवून वेळ लावायची, हे सगळं चार दिवसांत आणि तेही दहा गिऱ्हाइकं सांभाळून? घड्याळ नाकाजवळ नेलं तर पेट्रोलचा वास येत होता. मी विचारलंसुद्धा. ‘सर्व्हिसिंग झाल्यावर येतो थोडा, दोन दिवसांत जातो.’ मी मान डोलावली! वास नाकात, पैसे हातात, आणि मी मान डोलावतोय. वर डायल पांढरी शुभ्र बघून म्हणालो, ‘वा, चकाचक झाली हो.’ हे वाक्य आठवलं की अजून कान गरम होतात.

पहिले आठ दिवस उत्तम, दिवसाला वीस सेकंद पुढे. नवव्या दिवशी अकरा मिनिटं पुढे. दुसऱ्या कारागिराने ३०० रुपये घेऊन माझ्यासमोर उघडलं, टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवलं. बॅलन्सचा झोका १५० अंश. पूर्ण चावीवर २७० च्या आसपास हवा. हेअरस्प्रिंगची, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी तेलाने एकमेकांना चिकटलेली. वेटोळी चिकटली की स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळत सुटतं. म्हणजे मशीन न सोडवता अख्खं पेट्रोलमध्ये बुडवलं, झटकलं आणि वरून तेल सोडलं. घाण निघाली नाही, फक्त पातळ होऊन पिव्हटपर्यंत, म्हणजे चाकांच्या आसांच्या टोकांपर्यंत, गेली. सुरुवातीला ओल्या तेलावर छान चाललं, मग तेल पसरत हेअरस्प्रिंगवर चढलं. पट्टीच्या कारागिराकडे एकच तेल नसतं: बॅलन्स आणि त्याला धक्का देणाऱ्या एस्केप व्हीलच्या पिव्हटला पातळ, सावकाश फिरणाऱ्या चाकांना जाड, चावीच्या भागाला ग्रीस. इथे सगळीकडे एकच, शिलाई मशीनचं असावं असं तो म्हणाला.

बॅरल म्हणजे कमानीचा डबा; त्यावरच्या पट्टीच्या, बॅरल ब्रिजच्या, स्क्रूंच्या खाचेत जुनी वाळलेली काजळी तशीच होती. तो ब्रिज काढल्याशिवाय बॅरल बाहेर येत नाही आणि बॅरल उघडल्याशिवाय कमान बदलता येत नाही. गेले ६५०. स्टाफची टोकं भिंगाखाली चपटी, झिजलेली. गेले ९००. काच बदललेलीच नाही, ॲक्रिलिकवर नुसतं पॉलिश मारलंय. चावी खरोखर बदलली होती, महिन्यात तिचा मुलामा उडाला.

आणि डायल. साफ नव्हे, रंगवलेली. मिनिटांच्या रेघा जाड, ‘जनता’ची शिरोरेषा वाकडी, बाराचा ठिपका किंचित डावीकडे. जुन्या डायलला पाणी किंवा थिनर लावू देऊ नका, छपाई उठून येते. ‘डायल साफ करू का’ याला उत्तर एकच: हात लावायचा नाही.

दुकानात परत गेलो तर म्हणे, ‘जुन्या घड्याळाची गॅरंटी नसते.’ जुने भाग? ‘ते कोण ठेवतं?’ पोलीस चौकीत हवालदार हसले. ‘साडेचार हजारांचं घड्याळ? आम्हाला वाटलं रोलेक्स.’ भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे म्हटल्यावर, हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा. ग्राहकांसाठीच्या एका कार्यालयात पक्कं बिल मागितलं. माझ्याकडे वहीचं फाडलेलं पान, त्यावर ‘एचएमटी सर्व्हिस ४६५०, जमा’. दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही. पहिला बाबू म्हणाला तज्ज्ञाचा दाखला आणा. आणला, तर दुसरा म्हणाला हा दुसऱ्या दुकानदाराचा, म्हणजे धंद्यातल्या स्पर्धकाचा. मग तज्ज्ञ आणायचा कुठून, स्वित्झर्लंडहून? तीन खेपा, दोन अर्ज, आणि एकदा ‘साहेब जेवायला गेलेत’ दुपारी चार वाजता.

जिल्हा ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची, एवढं मात्र स्वतः वाचून कळलं. तक्रार टाकली आहे.

घड्याळ द्यायच्या आधी मागचं झाकण समोर उघडून घ्या आणि मशीन, डायल, काटे यांचे फोटो काढा. ०२३१ हा मॉडेलचा आकडा आहे, तो सगळ्या ०२३१ वर तोच, त्यावरून तुमचं मशीन ओळखू येत नाही; ओरखडे आणि स्क्रूंच्या खुणा टिपा. बदललेला प्रत्येक भाग पुडीत परत मागा, अगदी तुटकी कमानसुद्धा. पावतीवर भागवार रक्कम लिहून घ्या. पैसे यूपीआयने द्या. मी रोख दिले.

दुसऱ्या कारागिराने स्टाफ, कमान आणि खऱ्या सफाईचे २,६०० सांगितलेत. ते देईन. डायल मात्र कारखान्यातली हवी: देवनागरी, पिवळी पडलेली किंवा डागाळलेली चालेल, फक्त मागचे दोन्ही पाय (डायल मशीनवर बसवायच्या खुंट्या) शाबूत असावेत. रंगवलेली नको, ती आहे माझ्याकडे.