विमानतळावरचा किऑस्क, डिजीयात्रा आणि हॉटेलचं चेक-इन : काही महिने वापरल्यावर

आधी निष्कर्ष सांगून टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्याला पुढचं वाचावं लागणार नाही. बॅग चेक-इन करणाऱ्याला विमानतळावरचा किऑस्क, म्हणजे आपलं आपणच चेक-इन करायचं यंत्र, खरोखर कामाचा आहे. डिजीयात्रा, म्हणजे चेहरा दाखवून विमानतळात प्रवेश देणारं अ‍ॅप, त्याहून कामाचं आहे, पण तिकिटावरचं नाव आधारशी जुळत असेल तर. हॉटेलातला किऑस्क सध्या नसला तरी काही अडत नाही.

माझं काम मशीन दुरुस्तीचं. पुण्याजवळच्या भोसरीहून कधी बंगळूरू, कधी दिल्ली, कधी हैदराबाद. सोबत पाने, स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर आणि थोडे सुटे भाग असतात. ही हत्यारं केबिनमध्ये नेता येत नाहीत, त्यामुळे पाठीला सॅक लावून थेट सिक्युरिटीत जायची सोय मला नाही. बॅग द्यावीच लागते. घरून वेब चेक-इन केलं तरी टॅगसाठी पुन्हा त्याच रांगेत उभं राहायचं, हे मी वर्षानुवर्षं केलंय. किऑस्कवर बोर्डिंग पास निघतो हे तर सगळ्यांना माहीत असतं. मला त्याचं मोल आहे ते तिथे बॅगेचा टॅगही निघतो म्हणून.

स्क्रीनवर पीएनआर मागतात. इथे बरेच लोक अडकलेले मी पाहिलेत, कारण प्रवासाच्या वेबसाइटवरून तिकीट काढलं की त्या वेबसाइटचा लांबलचक बुकिंग नंबर वेगळा असतो आणि विमान कंपनीचा सहा अक्षरांचा पीएनआर वेगळा. किऑस्कला दुसरा लागतो. वेब चेक-इन झालेलं असेल तर मोबाइलवरच्या पासचा बारकोड स्कॅनरसमोर धरायचा, टाइप करायची भानगडच नको. मग बॅगेत काय नाही याची खात्री विचारतात. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, ती जवळच ठेवायची. हे उत्तर वाचून द्या; मागे रांग आहे म्हणून "पुढे, पुढे" दाबत जाऊ नका.

टॅग म्हणजे चिकटपट्टीचा लांब पट्टा. खूण केलेल्या टोकाचाच मागचा कागद सोलायचा, पट्टा हँडलमधून ओवायचा आणि दोन्ही टोकं पाठीला पाठ लावून सरळ चिकटवायची, बारकोडवर सुरकुती येऊ न देता. त्याच पट्ट्यावर एक छोटा स्टिकर असतो, त्यावर टॅगचा दहा आकडी नंबर असतो. तो काढून पासवर लावा. बॅग आली नाही तर शोध त्याच नंबरावर चालतो. आणि मागच्या प्रवासाचे टॅग, बारकोडचे बारके तुकडे बॅगेवरून आधी खरवडून टाका. वाटेतल्या स्कॅनरने जुना बारकोड वाचला तर बॅग भलतीकडे जाऊ शकते. मी हे काम आदल्या रात्रीच करून ठेवतो.

यानंतरचा वेळ वाचतो की नाही, ते पूर्णपणे पुढच्या व्यवस्थेवर आहे. बंगळूरूला सेल्फ बॅग ड्रॉप आहे. बॅग ठेवली, वजन झालं, टॅग वाचला, पट्टा सरकला. माझ्यासारख्याला हे फार आवडतं, कारण देशांतर्गत प्रवासात साधारण पंधरा किलोची मर्यादा आणि लोखंडी हत्यारं, यात दोनशे ग्रॅमनेही फरक पडतो आणि तिथे आकडा समोर दिसतो. याउलट एका विमानतळावर टॅग लावलेल्या बॅगाही सरसकट नेहमीच्या रांगेत पाठवत होते. मग किऑस्कपाशी घालवलेली मिनिटं फुकट जातात. म्हणून टॅग काढण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा, "टॅग लावलेल्या बॅगेला वेगळी रांग आहे का?" काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतं, हे धरूनच घरातून निघा. किऑस्क आहे म्हणून उशिरा निघणं परवडत नाही, त्यातून नगर रोडच्या ट्रॅफिकचा भरवसा कोणी देऊ नये.

आता डिजीयात्रा. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळूरू आणि वाराणसीला ते सुरू झालं आणि २०२३ च्या मार्चअखेरीस आपल्या पुण्यात आलं. लोहगावच्या जुन्या टर्मिनलमधली पहाटेची गर्दी ज्यांनी सोसलीय त्यांना नवीन टर्मिनलची, म्हणजे जुलै २०२४ पासून वापरात आलेल्या इमारतीची, मोकळी जागा वेगळी सांगायला नको. त्या प्रवेशद्वारावर तिकीट आणि ओळखपत्र हातात न धरता कॅमेऱ्याकडे पाहून आत जाता येतं, याची मला आता सवय झालीय. पुढची अंगझडती आणि ट्रेमधलं सामान मात्र आहे तसंच, तिथे कोणी सुटत नाही.

माझ्यापेक्षा याचा फायदा आईला जास्त झाला. धाकटी बहीण बंगळूरूला असते, त्यामुळे आईचं जाणं-येणं असतं. आयुष्यभर भांडी, धुणं, शेतातलं काम करून तिच्या बोटांचे ठसे पुसट झालेत. रेशन असो की बँक, अंगठा लावायची वेळ आली की तिचा जीव वरखाली होतो. चेहऱ्यावर चालणाऱ्या गेटपाशी तसं काही झालं नाही. चष्मा काढ म्हटलं, तिने काढला, गेट उघडलं.

पण तिथवर पोहोचायला नावाचा घोळ निस्तरावा लागला. आपल्याकडे आधारवर तीन नावं असतात : स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. तिकिटाच्या फॉर्ममध्ये मात्र रकाने दोनच. बहिणीने आईचं नाव आणि आडनाव एवढंच भरलं, मधलं गाळलं. काउंटरवर माणूस दोन्ही बघून समजून घेतो, अ‍ॅपला ते समजत नाही. त्यामुळे तिकीट काढतानाच पहिल्या रकान्यात स्वतःचं आणि मधलं नाव दोन्ही, आधारवरच्याच स्पेलिंगने भरा. माझ्या मते या सगळ्या तंत्रज्ञानातलं अर्धं यश याच एका ओळीत आहे. यंत्राबद्दल तक्रार करणाऱ्या कित्येकांची अडचण मुळात कागदपत्रांची असते.

चेहरा द्यायचा की नाही, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्याला कोणी वेड्यात काढू नये. योजना ऐच्छिक आहे. माहिती फोनमध्येच राहते, प्रवासाआधी निघण्याच्या विमानतळाला दिली जाते आणि उड्डाणानंतर चोवीस तासांत त्यांच्याकडून पुसली जाते, असा नियम सांगितलेला आहे. मी वापरतो ते स्वतः अ‍ॅपवर नोंदणी करून. एका विमानतळावर गेटवरच्या मुलीने काही न सांगता फोटोसाठी टॅबलेट समोर धरला, तेव्हा मी थांबवलं आणि हे कशासाठी ते विचारलं. तुम्हीही विचारा. नको असेल तर ओळखपत्र दाखवून साध्या रांगेने जा, तो हक्क आहे. तसंच काउंटरवर बोर्डिंग पास मागितला म्हणून जादा पैसे घेता येत नाहीत, हे केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्येच विमान कंपन्यांना बजावलंय.

हॉटेलची गोष्ट निराळी. आमच्या कंपनीचे पाहुणे विमाननगरमधल्या एका हॉटेलात उतरतात, त्यांना सोडायला बहुतेकदा मीच जातो. तिथे रिसेप्शनशेजारी किऑस्क उभा आहे. बुकिंगचा क्यूआर दाखवा, ओळखपत्र स्कॅन करा, खोलीचं कार्ड घ्या, इतकं सोपं असायला हवं. पाहुणा परदेशी असेल तर हॉटेलला चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसा रिसेप्शनवर द्यावाच लागतो. पाहुणा देशी असेल तर बिलावर कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर हवा असतो, आणि तो रकाना किऑस्कवर नाहीच. नाव पाहुण्याचं, पैसे कंपनीचे, ही इतकी नेहमीची गोष्ट, पण तिचा विचार झालेला नाही. शेवटी काउंटरवरच्या मुलाला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं.

शिवाय स्क्रीनवर भाषा दोनच, इंग्रजी आणि हिंदी. एटीएमवर कित्येक वर्षांपासून मराठी आहे, मग पुण्यातल्या हॉटेलात का नसावी? सोलापूरहून आलेले आमचे वयस्कर फिटर त्या स्क्रीनसमोर नुसते उभे राहिले होते. हत्यार हातात दिलं तर बंद पडलेलं मशीन आवाजावरून ओळखणारा माणूस. हॉटेलला मी हे लेखी कळवलंय. मराठीचा पर्याय आणि जीएसटीचा रकाना, एवढ्या दोन गोष्टी झाल्या तर मी पाहुण्यांना किऑस्ककडे नेईन. तोवर सरळ रिसेप्शन.