गर्भाशय काढल्यानंतरचे वजन आणि स्मार्ट वजनकाट्याचा हिशेब

तळपायांमधून अत्यंत सौम्य विद्युतप्रवाह सोडून वजनाबरोबर चरबी, स्नायू आणि पाणी यांचे प्रमाण सांगणारे वजनकाटे आता दीड-दोन हजार रुपयांपासून मिळू लागले आहेत. त्यांपैकी एक काटा, त्याचे मोबाईल ॲप आणि ॲपमधील सशुल्क आहारयोजना असा सगळा संच मी बरेच महिने वापरत आहे. कंपनीचे नाव देत नाही. हे परीक्षण प्रामुख्याने अशा स्त्रियांसाठी आहे, ज्यांचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढले आहे पण बीजकोष जागेवर ठेवले आहेत, आणि ज्यांचे वजन नेटाने आहार सांभाळूनही मधेच अडून बसते.

यंत्र म्हणून काटा उत्तम आहे. पाच किलोची आट्याची पिशवी हातात घेऊन आणि न घेता उभे राहिल्यास फरक जवळजवळ अचूक येतो, आणि लागोपाठ वजन केले तरी आकडा हलत नाही. अट एकच, की फरशी सपाट हवी. आमच्या जुन्या घरातल्या उंचसखल शहाबादीवर हाच काटा दर वेळी वेगळे बोलतो, म्हणून तो स्वयंपाकघरातल्या गुळगुळीत टाइल्सवर कायमचा मुक्कामाला आहे. चरबीच्या टक्केवारीवर मात्र फार विसंबू नये. प्रवाह एका पायातून दुसऱ्या पायात जातो, त्यामुळे त्याला मुख्यतः कमरेखालचे शरीर कळते. उरलेला अंदाज वय, उंची आणि लिंग यांच्या सूत्रावरून बांधलेला असतो. शरीरात पाणी कमी-जास्त झाले की हा आकडा बदलतो. संध्याकाळी फिरून आल्यावर आणि सकाळी उठल्यावर मला दोन निरनिराळ्या बायकांचे अहवाल मिळतात.

खरी अडचण ॲपमध्ये आहे. नोंदणीच्या दुसऱ्याच पानावर ‘शेवटच्या पाळीची तारीख’ विचारली जाते आणि ती भरल्याशिवाय ‘पुढे जा’ हे बटण उमटतच नाही. पर्याय चारच आहेत: नियमित, अनियमित, गर्भवती, रजोनिवृत्त. मदतकक्षाला कळवल्यावर अत्यंत नम्र उत्तर आले, “मॅडम, पाळी येत नसेल तर कृपया रजोनिवृत्त निवडा.” तसे केल्याबरोबर आलेखावरचे मासिक चक्राचे पट्टे नाहीसे झाले आणि रोजच्या कॅलरींचे लक्ष्यही खाली आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 15 ते 49 वयोगटातील सुमारे 3 टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले होते, आणि बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये हे प्रमाण किती मोठे आहे याची चर्चा 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेली होती. भारतात विकल्या जाणाऱ्या ॲपला या एवढ्या स्त्रियांसाठी पाचवा पर्याय सुचू नये, हे अनाकलनीय आहे.

हा पर्याय एवढा महत्त्वाचा का, हे सांगायला हवे. संप्रेरके बीजकोषांत तयार होतात, गर्भाशयात नाही. गर्भाशय गेले की रक्तस्राव थांबतो. पण बीजकोष शाबूत असतील तर बीज तयार होणे, इस्ट्रोजेनची चढउतार आणि बीजोत्सर्गानंतर वाढणारे प्रोजेस्टेरॉन हे सगळे रजोनिवृत्तीपर्यंत दरमहा चालू राहते. चक्राच्या उत्तरार्धात छाती जड होणे, गोड खावेसे वाटणे, भूक वाढणे, बोटातली अंगठी घट्ट होणे हे सर्व पूर्वीसारखेच होते, आणि शरीरात पाणी धरले जाते. हे पाणी कोणाचे वजन अर्धा किलोने वाढवते, कोणाचे दीड-दोन किलोनेही. पूर्वी पाळी आली की ‘हे त्याचेच होते’ असे मनाला सांगता येत असे. आता ती खूणच उरलेली नाही. ज्यांचे गर्भाशयमुख ठेवलेले आहे अशा काहीजणींना दरमहा रक्ताचे किंचित डाग दिसतात, तेवढाच काय तो आधार. बाकीच्यांचे चक्र पडद्याआड चालते.

आता ॲपचा नियम पाहा. तीन आठवडे वजन विशेष हलले नाही, की ‘तुमचे वजन स्थिरावले आहे’ अशी नारिंगी सूचना येते आणि रोजच्या आहारातून आणखी 150 कॅलरी कमी करण्याचा सल्ला मिळतो. एक किलो चरबीत ढोबळमानाने 7,700 कॅलरी असतात. घरचे जेवण जेवून, नोकरी सांभाळून एखादी स्त्री रोज 250 कॅलरींची तूट ठेवत असेल, तर किलोभर चरबी उतरायला तिला महिना लागतो. मोजणी चक्राच्या पूर्वार्धात सुरू झाली आणि तिसरा आठवडा उत्तरार्धात येऊन पडला, तर तेवढ्यात उतरलेली सुमारे 700 ग्रॅम चरबी साठलेल्या पाण्याखाली सहज झाकली जाते. काटा तेच वजन दाखवतो, ॲप गजर करते, आणि प्रगती चालू असताना माणूस अर्धी पोळी आणखी कमी करून चिडचिड ओढवून घेतो. हा दोष काट्याचा नाही, सूचनेमागच्या हिशेबाचा आहे.

यावर मला उपयोगी पडला तो दोन दशांश स्थळांपर्यंत मोजणारा साधा तापमापक. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी जिभेखाली ठेवून तापमान नोंदवले, तर बीजोत्सर्गानंतर ते साधारण 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने वाढलेले दिसते, सुमारे दोन आठवडे वर राहते आणि ज्या सुमारास पूर्वी पाळी आली असती त्या सुमारास खाली येते. जागरण, ताप किंवा रात्रपाळी असेल तर हा आकडा फसवा ठरतो, हेही खरे. ॲपमध्ये रोजच्या वजनाखाली टीप लिहिण्याची सोय आहे. मी तिथे तापमान लिहिते आणि सगळी नोंद एक्सेलमध्ये उतरवून घेते. ही उतरवून घेण्याची सोय मला या संचात सर्वांत मोलाची वाटते, आणि गंमत म्हणजे जाहिरातीत तिचा उल्लेखही नाही. तापमान उतरल्यानंतरच्या आठवड्याची सरासरी मागच्या चक्रातील त्याच आठवड्याशी ताडून पाहिली, की ॲपने ‘स्थिरावलेले’ म्हणून जाहीर केलेले वजन हळूहळू उतरत असल्याचे स्पष्ट दिसते. जोडीला कमरेचा घेर मोजावा. भारतीय स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते, आणि शिंप्याकडची टेप त्यासाठी पुरते.

अर्थात, खरोखर अडलेले वजनही असते. शरीर हलके झाले की त्याची गरज घटते, आणि कमी खाणारा माणूस नकळत हालचालही कमी करतो. भाजीतले शेंगदाण्याचे कूट चमच्यावरून मुठीवर कधी गेले, हे कोणालाच आठवत नाही. दोन-तीन चक्रांच्या समान टप्प्यांवर वजनही सारखे आणि घेरही सारखा असेल, तरच आहारात काटछाट करण्यात अर्थ आहे. ॲपकडून मिळालेल्या पहिल्या आहारतज्ज्ञ बाईंनी हे ओळखले होते. बीजकोष ठेवले आहेत का, हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, आणि त्यांनी कॅलरींना हात न लावता डाळ, दही व अंडी वाढवून दिली. नंतर आलेल्या ताईंकडून मात्र मूग चिल्ला आणि ओट्सचा तोच तक्ता दर सोमवारी येत राहिला. सशुल्क योजनेचे मूल्य पलीकडे कोण बसले आहे यावर अवलंबून असेल, तर वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत. तीन महिन्यांची योजना पुरे.

आणखी एक गोष्ट ॲप सांगत नाही. बीजकोष ठेवले तरी गर्भाशय काढलेल्या स्त्रियांमध्ये रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते, आणि पाळी बंद होण्याची खूण नसल्यामुळे ती आलेली कळत नाही. तापमानाची चढण महिनोन्‌महिने दिसेनाशी झाली, रात्री घामाने जाग येऊ लागली, अंगातून गरम वाफा निघू लागल्या, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. बीजकोषांना चालना देणाऱ्या संप्रेरकाच्या म्हणजे एफएसएचच्या एकाच रक्ततपासणीवरून निष्कर्ष काढू नये, कारण या काळात तो आकडा बराच वरखाली होतो. वजन विनाकारण वाढत असेल तर थायरॉइडसाठी टीएसएच तपासणी करून घेतलेली बरी.

काट्याला मी पाचपैकी चार तारे देईन, ॲपला दोन. पेसमेकर असलेल्यांनी किंवा गर्भवतींनी विद्युतप्रवाहाचा हा प्रकार वापरू नये. ज्यांचे दोन्ही बीजकोषही काढलेले आहेत, त्यांच्या वजनात ही मासिक भरती-ओहोटी नसते; त्यांना सातशे-आठशे रुपयांचा साधा डिजिटल काटा आणि आठवड्याची सरासरी एवढे पुरेसे आहे.