फ्लोराइड वार्निश: पांढऱ्या डागावर गुणकारी, खड्ड्यावर नाही

दाताला कीड दिसली की फिलिंग करावंच लागतं, असं नाही. हिरडीलगत खडूसारखा निस्तेज पांढरा डाग असेल आणि वरचा थर फुटला नसेल, तर ती कीडेची सुरुवात असू शकते. तिथे ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातावर लावायचा चिकट लेप, खरोखर उपयोगी पडतं. त्यात २२,६०० पीपीएम (दर दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड असतं. रोजच्या टूथपेस्टमध्ये साधारण १,००० ते १,५००.

दात पुसून कोरडे करायचे, छोट्या ब्रशने पातळ थर द्यायचा. लाळ लागताच तो घट्ट होतो. बिघडतं ते नंतर. लगेच गरम पेय किंवा कडक खाणं घेतलं की थर निघून जातो. चार तास मऊ, कोमट खावं, त्या रात्री ब्रश टाळावा. धोका जास्त असेल तर दर ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा लावावं. राळेची ॲलर्जी असल्यास आधी सांगा, बहुतेक वार्निशांत राळ असते.

खड्डा पडून त्यात अन्न अडकू लागलं, की मात्र यावर विसंबू नका. आत ब्रश पोहोचत नाही, कीड डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या आतल्या मऊ थरात, सरकत राहते. दोन दातांमधली कीड तर डोळ्यांना सहसा दिसतच नाही. तिथे बाइटविंग एक्स-रेच (दातांमधली फट दाखवणारा एक्स-रे) हवा. आणि टोकदार प्रोबने (दात तपासायच्या सुईसारख्या हत्याराने) डाग जोरात टोचू देऊ नका, कमकुवत थर तिथेच फुटतो.