देवळातला हरिपाठ की देवघरातली माळ?

कऱ्हाड, पलूस, तासगाव या पट्ट्यात नोकरीतून मोकळं झालेल्यांना किंवा शेती मुलाच्या हाती दिलेल्यांना हा प्रश्न हमखास पडतो. संध्याकाळचा तासभर देवाला द्यायचा, तर भजनी मंडळाबरोबर देवळात बसावं की घरी एकट्यानं माळ घ्यावी? दोन्ही केल्यावर माझा कल देवळाकडे झुकला आहे. प्रत्येकाची प्रकृती वेगळी, हे मान्य करूनच सांगतो.

घरच्या जपाचं सुख म्हणजे गती आपली असते. गोंदवलेकर महाराजांचा तेरा अक्षरी राममंत्र सावकाश म्हटला तर एका नामाला तीनेक सेकंद लागतात. म्हणजे १०८ मण्यांची माळ साडेपाच मिनिटांची आणि तासाभरात अकरा माळा. तिसऱ्या-चौथ्या माळेला गडबड सुरू होते. 'जय जय राम'चं 'जैजैराम' होतं, अंगठा मणी ओढत राहतो आणि मन भलतीकडेच. ओठ हलतील इतकं तरी म्हणावं. मेरुमणी आला की माळ उलटी फिरवण्याआधी तीन श्वास थांबावं. एवढ्यानं पुष्कळ सावरतं.

सावरत नाही ती वेळ. माझा निर्णय झाला तो याच एका त्रासापायी. घरी सातची बैठक सातला होत नाही. पाहुणे येतात, लाईट जाते, नातवाचं गणित अडतं, शेजारच्या खोलीत मालिका लागते. आपली वाट बघत कुणी बसलेलं नसतं, म्हणून साडेसात चालतात. मग 'जेवण झाल्यावर बसू'. जेवणानंतर पहिल्याच माळेला डुलकी. यातलं प्रत्येक कारण खरं असतं, त्यामुळे काही चुकतंय असं वाटतच नाही, आणि महिन्याभरात माळ गोमुखीतून बाहेर यायची थांबते. घड्याळाचा गजर लावून, जागा बदलून बघावी. काहींना जमतंही. ज्यांच्या घरात आणखी एखादं माणूस शेजारी जपाला बसतं, त्यांचं बहुधा टिकतं.

देवळात विणेकऱ्यानं वीणा गळ्यात घेतली की सुरुवात होते, तुम्ही असा वा नसा. बसून म्हटला तर हरिपाठ अर्ध्या तासात होतो, उभं राहून टाळाच्या ठेक्यावर पावल्या धरल्या तर पाऊण तास. पाठ नसला तरी धृपदाला सूर मिळवता येतो. आणि एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी पायरीवरच कुणीतरी विचारतं, "आबा, काल दिसला न्हाईसा?" या एका वाक्यानं जेवढं बसवलं, तेवढं माझ्या कुठल्याही निश्चयानं बसवलं नाही.

मंडळाचेही त्रास आहेत. पेटीचा सूर उंच, काळी चार किंवा त्याच्याही वर लागतो. नवा माणूस तिथवर ताणतो आणि आठवड्यात घसा बसतो. खालच्या सप्तकात म्हणावं, कुणी काही म्हणत नाही. पहिले पंधरा दिवस टाळ घेऊ नये. एक टाळ मागं पडला की अख्खी ओळ मागं ओढली जाते आणि मृदंगवाल्याची नजर आपल्याकडे वळते.

खरी हानी होते ती पसायदानानंतर, पारावर. गळीत हंगामात ऊसदर, नाहीतर सोसायटी आणि कारखान्याची निवडणूक. अर्ध्या तासात निवलेलं मन दहा मिनिटांत तापतं आणि घरी येतं ते तापलेलंच. म्हणून मंडळ निवडताना गळे कसे आहेत ते बघू नका. तीन-चार संध्याकाळ मागं बसा आणि हरिपाठाआधी आणि नंतर काय बोलणं चालतं ते ऐका. मंडळ चांगलं असलं तरी प्रसाद हातावर पडला की चपला घालाव्यात, हे बरं. गावात महिलांचं वेगळं मंडळ असेल तर बायकांनी आधी तिकडे डोकवावं. माझ्या पाहण्यात ती मंडळं जास्त नेमानं चालतात.

ज्यांच्या पंपाला आलटून-पालटून रात्रपाळीची वीज मिळते, त्यांनी त्या आठवड्यात पाणी पाजताना बांधावर नाम घ्यावं. तेवढ्यापुरता एकट्याचा जप सरसच.

सज्जनगड, गोंदवले, औदुंबर ही ठिकाणं या तुलनेत तिसरी बाजू म्हणून धरू नयेत. समर्थांच्या समाधीपाशी किंवा गोंदवल्याच्या रांगेत बसलं की आपोआप आवाज खाली येतो, फोन पिशवीत जातो. दोन-तीन दिवस राहून यावंच. फक्त पावसाळ्यात औदुंबरचा बेत कृष्णेचं पाणी बघून करावा. २०१९ च्या पुरात देऊळ पाण्यात होतं. अडचण एवढीच, की तिथली माणसं तिथंच राहतात आणि आपण गावी येतो. परतल्यावर संध्याकाळी सातला शेजारी कोण बसतं, यावर पुढचं ठरतं.

एकदम कायमचं बांधून घ्यायचं नसेल तर कोजागरीपासून गावोगाव सुरू होणारा काकडा धरा. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचा महिना आहे. पहाटे थंडी असते, कानाला मफलर आणि बसायला घोंगडं न्यावं, देवळाची फरशी गार असते. काला होईपर्यंत मंडळाची चालही कळते आणि मंडळाला तुम्हीही. तेव्हा टाळ मागा.