उठलं की बंद पडणारं मशीन

गवत कापायचं, बसून चालवायचं मशीन येऊन चौथा दिवस. मारुती ऑफिसच्या दारात उभा, हातात टोपी, चेहरा पडलेला.

"मालक, फसवलंय आपल्याला. जरा सीटवरून बूड उचललं की बंद पडायलंय."

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. त्या दिवशी मीही त्याच्याच बाजूचा होतो. आज मात्र या मशीनबद्दल काही लिहायचं तर त्या 'बिघाडा'पासूनच सुरुवात करावी लागतेय.

आमचं मंगल कार्यालय लातूरच्या रिंग रोडजवळ. एक मोठं लॉन, एक छोटं आणि मागं नाल्याकडे उतरत गेलेली पार्किंगची पट्टी. सगळं मिळून दोन एकराला थोडं कमी. आमच्याकडं 'लॉन' म्हणजे लग्नाची जागा. त्यात गवतही असतं हे फक्त आम्हाला आणि आमच्या पाण्याच्या टँकरवाल्याला आठवतं. माझ्यासाठी ते एक पीकच आहे, पाणी पिणारं आणि बाजारात न विकता येणारं. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या वर्षी गवताला पाणी द्यायचा विचारही मनात आणला नाही. सगळं जळू दिलं आणि हिरव्या मॅटवर लग्नं लावली. पुन्हा लावताना पार्किंगला आपली हरळी ठेवली, ती मरायची नाही. स्टेजसमोर मात्र मेक्सिकन, कारण फोटोग्राफर लोकांना तेच लागतं.

आधी ढकलायची दोन मशीनं होती. दोन माणसं दोन दिवस कापायची. श्रावण-भादव्यात एका टोकाला कापून होईपर्यंत दुसऱ्या टोकाला पुन्हा वाढलेलं. म्हणून पुण्याहून हे बसून चालवायचं सेकंड हँड आणलं, १ लाख ४० हजाराला, वर टेम्पोचं भाडं ९ हजार. बॉनेटवरचं स्टिकर आधीच्या मालकानं खरवडून काढलं होतं, तेव्हा कंपनी विचारू नका. पेट्रोल इंजिन, साडेसतरा हॉर्सपॉवर, एकच सिलिंडर. पोटाखाली ४२ इंची डेक (पात्यांवरचं लोखंडी टोपण), म्हणजे एका फेरीत जवळजवळ १०७ सेंटीमीटर पट्टा. डेकमध्ये दोन पाती. गिअर बदलायची भानगड नाही, पायाशी पेडल आहे, दाबलं की पुढं. दोन एकर अडीच-तीन तासांत होतं, पेट्रोल जातं पाच-सहा लिटर. कामाच्या बाबतीत तक्रार शून्य. माय पहिल्या दिवशी खुर्ची टाकून बघत बसली होती. म्हणाली, "तुझ्या बापाला वावरात असं काही मिळालं असतं तर."

आता त्या बंद पडण्याचं. मारुतीनं ओळखीच्या गॅरेजवाल्या भाईंना बोलावलं. भाई मोटारसायकलचे मेकॅनिक, हुशार माणूस. सीट उचलली, खालच्या स्विचला जाणाऱ्या दोन वायरी सोडवल्या, एकमेकींना पिळून टेप मारला. पाच मिनिटं. पैसेसुद्धा घेतले नाहीत. "शेठ, हे असलं काहीतरी बसवतात बाहेरच्या देशात, आपल्याला काय कामाचं नाही." महिनाभर मशीन लोण्यासारखं चाललं आणि आम्ही तिघंही खूश.

मग एका लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी स्टेजवर डेकोरेशनवाल्याचा हिशोब करत होतो. मारुती खाली कापत होता. फ्लेक्सची एक लांब पट्टी गवतात राहिलेली, ती डेकच्या बाजूच्या तोंडात अडकली. त्यानं मशीन थांबवलं, हँडब्रेक लावला, खाली उतरला आणि ती पट्टी ओढायला हात घातला. पाती फिरतच होती. इंजिनाच्या आवाजात त्याला ते जाणवलं नसेल, किंवा मशीन उभं आहे म्हणजे सगळंच थांबलं असं त्याला वाटलं असेल. मी वरून ओरडलो तेही त्याला ऐकू गेलं नाही. पट्टी त्याच्या हातातून सुतासारखी आत ओढली गेली. मुठीत राहिला एक कोपरा, त्यावर नवरदेवाचा अर्धा चेहरा.

काही झालं नाही. बोटं दहाच्या दहा आहेत. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. या मशीनच्या पात्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास फिरतं. चावी बंद केली तरी ते त्या क्षणाला थांबत नाही, काही सेकंद घेतंच. आणि आम्ही पाच मिनिटांत, फुकटात, माणूस उठला की ते आपोआप थांबवणारी वस्तू काढून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी टेप कापला. मग खरा प्रश्न सोडवायला बसलो, की ते सारखं बंद का पडतं? उत्तर इतकं साधं होतं की स्वतःचीच लाज वाटली. मारुतीचं वजन अठ्ठेचाळीस किलो. सीटखालच्या स्प्रिंगा एखाद्या दणकट माणसाच्या वजनाला लावलेल्या. आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्या भेगांवरून मशीन उसळलं की तो हलकासा वर जायचा आणि स्विचला वाटायचं माणूस पडला. स्प्रिंगा पुढच्या खाचेत सरकवल्या, गंजलेला स्विच बदलला, ८५० रुपये. त्यानंतर आजपर्यंत विनाकारण एकदाही बंद पडलं नाही. पातं बंद करून, हँडब्रेक ओढून उतरलं तर इंजिन चालू राहतं. पातं चालू ठेवून उठलं की मात्र ते गप्प होतं. इतका साधा हिशोब आम्हाला महिनाभर समजला नव्हता. भाईंना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅन्युअल असतं त्याला?" असतं. इंटरनेटवर मिळतं, चित्रांसकट.

हे मशीन बनवणाऱ्यांनी बंगल्याभोवतीचं गवत डोळ्यापुढं ठेवलं असणार. मंगल कार्यालयाचं गवत त्यांनी पाहिलेलं नाही. एका लग्नानंतर आमच्या लॉनमध्ये काय सापडतं: मंडपवाल्याच्या मेखा, बाइंडिंग तारेचे तुकडे, साडीच्या पिना, चमचे, नारळाच्या करवंट्या, लायटिंगवाल्याचे नट, एकदा एक जोडवं. यातली प्रत्येक वस्तू पात्याला लागली की गोळी होते. डेकच्या बाजूला जिथून कापलेलं गवत बाहेर पडतं तिथं प्लॅस्टिकची एक झडप असते, उडालेलं काहीही ती जमिनीकडे वळवते. आमची झडप छोट्या लॉनच्या फाटकातून नेताना अडकायची म्हणून मीच पिन काढून गोदामात ठेवली होती. हो, मीच, मारुतीनं नाही. आठवड्याभरात एक नट उडाला तो थेट केटरिंगवाल्याच्या छोट्या हत्तीच्या पुढच्या काचेवर, चांगला तीसेक पावलांवर. काचेचे ३,२०० मी भरले. ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता म्हणून विषय तेवढ्यावरच संपला. झडप परत लावली आणि फाटक दोन वीत रुंद करून घेतलं.

आता पद्धत अशी आहे. लग्न झालं की दुसऱ्या सकाळी दोन बायका आणि एक गडी ओळीनं पूर्ण लॉन चालून येतात, हरभरा काढताना चालतात तसं. मग मारुती एका दांडीला बांधलेलं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवतो. सापडलेला माल फाटकाजवळच्या तेलाच्या डब्यात. मागच्या हंगामाच्या शेवटी मंडपवाला आला, डबा उलटा केला आणि त्यातून स्वतःच्या एकोणीस मेखा वेचून घेतल्या. भाडं कमी करा म्हणलं तर हसला.

पार्किंगच्या उतारावर माझं आणि मारुतीचं अजून पटत नाही. त्याला बैलांच्या औताची सवय, उताराला आडवं चालवायचं डोक्यात पक्कं बसलेलं. ढकलायच्या मशीनला ते बरोबरही आहे, पाय घसरला तर माणूस पात्याखाली जात नाही. बसून चालवायच्या मशीनचं उलटं आहे, ते आडवं गेलं की खालच्या बाजूला कलंडू शकतं, म्हणून सरळ वर आणि सरळ खाली न्यायचं आणि उतारावर वळायचं नाही. आणि १५ अंशांच्या वर न्यायचंच नाही. तो अंदाज डोळ्यांनी येत नाही. मी एक मीटरची लेव्हलपट्टी वरच्या टोकाला टेकवून आडवी धरली आणि खालच्या टोकाशी मोजलं. २७ सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर भरलं तर ती जागा मशीनची नाही. नाल्याकडची शेवटची पट्टी अशीच निघाली. तिथं आणि जुन्या विहिरीच्या भोवती आता खांद्यावरचा ग्रास कटर चालतो. विहिरीला कठडा आहे, पण कडेची माती पावसात बसते आणि मशीनचं वजन दोन क्विंटलच्या घरात. चुन्याची एक रेघ मारली आहे, त्या रेघेच्या आत चाक जात नाही.

पावसाचं म्हणाल तर ओल्या गवतात चालवूच नका. चाकं घसरतात, डेकमध्ये लगदा भरतो आणि काळ्या चिखलात हे रुतलं तर ट्रॅक्टर बोलवायची वेळ येते. आम्ही बोलावला आहे. डेक साफ करताना चावी खिशात आणि प्लगची टोपी काढलेली, त्याशिवाय खाली हात घालायचा नाही हे मारुती आता मलाच सांगतो.

पेट्रोल इंजिन गार झाल्यावरच भरायचं, आणि गोदामात नाही, बाहेर. बंद गोदामात इंजिन चालू ठेवून बसायचंही नाही, त्या धुरातल्या विषारी वायूला वासच नसतो, कळेपर्यंत डोकं जड झालेलं असतं. कानाला आवाज अडवणारे मफ लावा. लोक हसतात, हसू द्या.

लेकरांचा विषय सगळ्यात अवघड, कारण तिथं समोर पाहुणे असतात. लाल रंगाचं छोटं ट्रॅक्टर दिसलं की लग्नातली पोरं मागं पळतात आणि त्यांचे बाप मोबाईल काढून म्हणतात, "शेठ, जरा बसवा की मांडीवर, एक फोटो." माझ्या पुतण्यानंही हट्ट धरला होता. तो चौदाचा. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की सोळाच्या आतल्या मुलानं हे चालवू नये, आणि सोबत म्हणून तर कोणत्याच मुलाला बसवू नये. त्याला ते वाचून दाखवलं. "काका, अमेरिकेत कुठं आपल्यासारखी पोरं असतात," असं म्हणून तो निघून गेला. सगळ्यात जास्त भीती मागं घेताना असते. आमच्या मशीनमध्ये रिव्हर्स टाकला की पाती आपोआप थांबतात. ती थांबू नयेत म्हणून एक बटणही दिलंय. त्या बटणावर मी फेव्हिक्विक टाकलंय. कापायचं काम आता फक्त सकाळी सहा ते नऊ, फाटकाला कुलूप.

आता तक्रारी. सुटे भाग लातुरात मिळत नाहीत. डेकचा बेल्ट तुटला तेव्हा ट्रॅक्टरच्या दुकानात त्याच मापाचा दिसणारा मिळाला, तो दोन दिवसांत जळाला. अस्सल पुण्याहून यायला सहा दिवस लागले आणि मधे एक लग्न होतं. पुढचे टायर मऊ, गवत दबू नये म्हणून. वेड्या बाभळीच्या काट्याला हे माहीत नाही. पहिल्या वर्षी सात पंक्चर, मग टायरमध्ये सीलंट भरून घेतलं, आता वर्षाला एखादं. धार लावायला पाती लेथवाल्याकडे दिली तर त्यानं एकच बाजू जास्त घासली आणि मशीन जात्यासारखं हादरायला लागलं. आता धार लावून आणली की मधल्या भोकातून खिळ्यावर टांगून बघतो. एक बाजू खाली गेली तर परत त्याच्याकडं. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि तिसऱ्या दिवशी शेंडे पिवळे पडलेले दिसतात. तेवढ्यात साखरपुडा असेल तर मुलीकडचे म्हणतात, पाणी कमी पडतंय का हो?

एकरापेक्षा कमी लॉन असेल तर घेऊ नका, ढकलायचं बरं. झाडं, कारंजी, पुतळे जास्त असतील तरी नको, निम्मं काम हातानंच करावं लागेल. मोकळं, सपाट, दीड-दोन एकर असेल तर माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण बेल्टचा कापला.

सेकंड हँड बघायला जाल तेव्हा रंग आणि टायर नंतर बघा. साफ फरशीवर उभं करा, डेक वर उचला, आजूबाजूला कोणी नाही बघून सीटवर बसा, पाती चालू करा आणि पाय जागेवरच ठेवून अंग जरासं उचला. इंजिन बंद पडलं तर पुढची बोलणी करा. चालूच राहिलं तर सीट उचलून बघा, खाली कोणा ना कोणा भाईनं टेप मारलेला दिसेल. विकणारा म्हणेल, "उलट चांगलंय की साहेब, सारखं बंद पडत नाही." त्याला नव्या स्विचचे आणि मजुरीचे पैसे किमतीतून वळते करायला सांगा.