ऑन्कोटाइप डीएक्स : पैसे भरण्याआधी आयएचसी रिपोर्ट बघा

स्तनाच्या कर्करोगात ऑपरेशननंतर केमो घ्यायची का, याचं आकड्यात उत्तर देणारी ही चाचणी 2004 पासून वापरात आहे. चाचणी उत्तम आहे, पण सगळ्यांसाठी नाही. खर्च काही लाखांत जातो, म्हणून आधी आयएचसीचा (गाठीच्या तुकड्यावर रंग देऊन त्यातली प्रथिनं पाहणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट समोर घ्या. गाठ ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) पॉझिटिव्ह, हर-टू (पेशींची वाढ वेगवान करणारं प्रथिन) निगेटिव्ह आणि काखेतल्या बाधित गाठी (लसीका ग्रंथी) शून्य ते तीन, असं असेल तरच पुढे जा. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह (दोन्ही हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू, तिन्ही निगेटिव्ह) असेल तर हा खर्च वाया जातो. रक्तातल्या सीए 15-3 या कर्करोगाच्या खुणेच्या तपासणीवर तर केमोचा निर्णय घेऊच नये. सुरुवातीच्या टप्प्यात ती बहुधा नॉर्मलच येते.

पॅराफिन ब्लॉकमधून (मेणात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यातून) 21 जनुकांचा आरएनए, म्हणजे ती किती सक्रिय आहेत, ते मोजतात. त्यातली 16 कर्करोगाशी निगडित, 5 तुलनेसाठी. त्यावरून 0 ते 100 मधला रिकरन्स स्कोअर (आजार उलटण्याच्या जोखमीचा आकडा) निघतो. 26 किंवा जास्त आला तर केमोचा फायदा ठळक असतो. 11 ते 25 मध्ये बहुतेकींना केमो टाळता येते, याचा भक्कम पुरावा 2018 च्या टेलर-एक्स अभ्यासाचा आहे. काखेतल्या गाठी निगेटिव्ह असलेल्या या गटात 9 वर्षांनी शरीरात इतरत्र आजार न उलटलेल्या बायका फक्त हार्मोनच्या (म्हणजे हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या) गोळ्यांवर 94.5 टक्के होत्या, केमोसह 95 टक्के. मात्र पन्नाशीपर्यंतच्या बायकांचं गणित वेगळं: 16 ते 20 मध्ये केमोचा फायदा सुमारे 1.6 टक्के, 21 ते 25 मध्ये 6.5 टक्के. काखेतल्या एक ते तीन गाठी बाधित असतील आणि पाळी चालू असेल, तर 25 पर्यंतचा स्कोअरही केमो टाळायला पुरेसा नाही. डॉक्टरांनी वय आणि पाळी न विचारता नुसता आकडा वाचला, तर दुसरं मत घ्या.

घोळ बहुतेक वेळा ब्लॉकमध्ये होतो. गाठ वेळेवर फॉर्मॅलिनमध्ये गेली नाही तर आरएनए खराब होतो. बायोप्सीच्या जागेची सूज असलेला भाग मिसळला तर स्कोअर खोटा वाढू शकतो. म्हणून पॅथॉलॉजिस्टला सांगून भरपूर ट्यूमर असलेला, बायोप्सीच्या खड्ड्यापासून दूरचा ब्लॉक निवडून घ्या. रिपोर्टमधला ईआरचा आकडाही पाहा: 6.5 च्या खाली म्हणजे निगेटिव्ह. आयएचसी पॉझिटिव्ह आणि हा निगेटिव्ह असेल, तर स्कोअरवर विसंबण्याआधी दोन्ही पुन्हा तपासायला लावा.

रिपोर्टमधली जोखीम हार्मोनच्या गोळ्या 5 वर्षं नेमाने घेतल्या, हे गृहीत धरून काढलेली असते. गोळ्या मध्येच सोडल्या तर तो आकडा लागू होत नाही, हे समुपदेशनात क्वचितच सांगितलं जातं.

खर्च झेपत नसेल तर बंगळुरूच्या ऑन्कोस्टेमची कॅनअसिस्ट ब्रेस्ट बरीच स्वस्त पडते. तीत पाच प्रथिनं आयएचसीने बघतात आणि गाठीचा आकार, ग्रेड व काखेतल्या गाठी धरून 15.5 च्या खाली कमी जोखीम मानतात. पण टेलर-एक्ससारखी हजारो रुग्णांवरची यादृच्छिक (रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं गटांत वाटून केलेली) चाचणी तिच्यामागे नाही. चाचणी कुठलीही असो, ब्लॉक परत मागवायला विसरू नका. पुढे आजार उलटला तर तोच लागतो.